उजव्या अंगाचं नक्षीकाम

परशरामआप्पा, बेळगावच्या शहापुरात तुमच्या गल्लीच्या तोंडाशी तुमचा फ्लेक्स लागला आहे. फोटो आधार कार्डावरचा घेतलाय, त्यामुळे तुम्ही चोरी करताना सापडल्यासारखे दिसता. खाली ‘थोर काष्ठशिल्पकार’ असं लिहिलंय. जिवंतपणी तुम्हाला कुणी असं म्हटलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत, ‘म्हंजे सुतारच न्हवं?’ त्याच्याखाली गल्लीतल्या सगळ्या होतकरू पुढाऱ्यांचे फोटो आहेत. त्यांतल्या एकानंही तुमच्याकडून साधा जेवायचा पाट करून घेतला नव्हता. सगळ्यांच्या घरी प्लायवूड.

तुमच्या दिवसकार्याला मी निपाणीहून आले होते. जेवणाआधी भाषणं झाली. एक जण म्हणाला, आप्पांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. दुसरा म्हणाला, आप्पांनी आयुष्यात कुणाचं मन दुखावलं नाही. मी शेजारच्या बाईला विचारलं, ‘हे दुसऱ्या कुणाच्या दिवसांना जाऊन चुकून हितं आलेत काय?’ ती तोंडाला पदर लावून हसली. तुमच्या बायकोची बहीण निघाली ती.

मला बोलायला सांगतील म्हणून मी तयारीनं आले होते. तुमच्या मुलानं माझ्याकडं बघितलं आणि माईक पुढच्या माणसाकडं सरकवला. पोरगं शहाणं आहे, तुमच्यावर गेलेलं नाही. पण माझं बोलणं राहून गेलं, आणि राहून गेलेलं बोलणं मला पचत नाही. म्हणून हे लिहिते आहे. तिथं मला एवढंच सांगायचं होतं, की या माणसानं माझ्या जत्रेतल्या पाळण्याची सगळी जनावरं चुकीच्या अंगानं कोरली आणि ‘चुकलं’ हा एक शब्द न बोलता तो मेला.

तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे. पण तुमची सांगायची पद्धत फार सोयीची होती, तेव्हा आता माझ्या तोंडून ऐका. आता मधे बोलता येणार नाही.

मी विड्या वळत मोठी झालेली बाई. कारखान्यात माल घेणारा मुनीम विडी दोन बोटांत दाबून बघायचा आणि नापसंत विड्या बाजूला टाकायचा. त्याला छाट म्हणत. छाटेची मजुरी मिळायची नाही, विड्या मात्र त्याच्याकडेच राहायच्या. त्या मुनीमाशी भांडत मी बोलायला शिकले. पुढं जत्रांमधून चिरमुरे विकले, भजी तळली, आणि एक दिवस दुसऱ्याचा मोडका पाळणा घेऊन माझा केला. पत्र्याच्या खुर्च्यांचा, डिझेलवर आडवा गोल फिरणारा. तो बरा चालला होता. मग कोल्हापूरकडून एक जण फायबरचे गुलाबी घोडे घेऊन आला आणि पोरं तिकडं पळाली. सगळे घोडे एका साच्यातले, सगळ्यांचे दात विचकलेले. फायबर उन्हात तडकतं आणि एकदा तडकलं की त्याला ठिगळ टिकत नाही, हे मला माहीत होतं. लाकूड जन्मभर दुरुस्त करता येतं. म्हणून मी तुमच्या दारात आले. कलेची आवड म्हणून नव्हे.

तुम्ही तेव्हा देव्हारे करत होता आणि वर मान करून बघितलंही नव्हतंत.

‘दोन्ही अंगांनी कोरायचं म्हंजे लई दिवस लागतील, आक्का.’

‘दोन्ही अंगं बघतंय कोण आप्पा? बाहेरनं माणसाला एकच अंग दिसतंय. एका अंगाचं काम करा, दुसरं नुसता रंधा मारून सोडा. निम्मं काम, निम्मा दाम.’

‘कुठलं अंग?’

‘माझा पाळणा उजवा फिरतोय. देवाला प्रदक्षिणा घालतो तसा. त्या हिशेबानं उजवं करा.’

‘उजवं न्हवं?’

‘व्हय, उजवं.’

एवढंच बोलणं झालं. आता कुणीही सांगावं, ‘उजवं’ म्हणजे उजव्या फेऱ्याचं. देवाला उजवी घालून फिरताना आपली डावी बाजू लोकांकडं असते. जो माणूस जन्मभर दर सोमवारी देवळाला प्रदक्षिणा घालत आला त्याला हे कळू नये? मी तुम्हाला फेरा सांगितला, तुम्ही अंग ऐकलंत.

मग तुम्ही मला वर्षभर झुलवलंत. शिवणीचं लाकूड खानापूरकडून आलं आणि तुम्ही ते परसात रचून ठेवून दिलंत. पावसाळा गेला, तरी हात लावला नाही. मी फोन करून शिव्या द्यायची. ‘ओल्या लाकडाचं घोडं केलं तर उन्हाळ्यात त्येच्या पोटातनं हात जाईल. घालशील?’ असं म्हणून तुम्ही फोन ठेवायचा. एकदा मी सांगून बघितलं, की पाय उरल्यासुरल्या तुकड्यांचे करा, पायांकडं कोण बघतंय. तुम्ही एक दांडकं माझ्या हातात दिलंत. लाकडाच्या रेषा त्यात आडव्या होत्या. ‘गुडघ्यावर धरून दाब.’ मी दाबलं, ते बिस्किटासारखं तुटलं. मग दुसरं दिलंत, उभ्या रेषांचं. ते तुटलं नाही, माझा गुडघा मात्र सुजला. दोन्ही वेळा तुम्ही हसलात. शिकवणाऱ्या माणसानं हसू नये एवढी साधी रीत तुम्हाला नव्हती.

आणि ती म्हैस. मी घोडे सांगितले होते, फार तर एखादा हत्ती, वाघ. गोणपाटाखालून शिंगं बाहेर आलेली बघून मी विचारलं, ‘हे काय?’

‘म्हस.’

‘कुणी सांगितली होती?’

‘घोडं समदीच करत्यात. बेळगावात ऱ्हाऊन म्हस न्हाय करायची? दिवाळीच्या पाडव्याला नटवून पळवत्यात तशी केलीया.’

‘पोरं म्हशीवर बसणार? काळ्या म्हशीवर?’

‘तू बसू नगं.’

त्या म्हशीवर बसायला पोरं रांगेत एकमेकांना ढकलायची, आप्पा. घोडे रिकामे असले तरी म्हशीसाठी थांबायची. हे मी तुम्हाला कधी कळू दिलं नाही. तुम्ही विचारायचा, ‘म्हशीवर बसत्यात का गं?’ आणि मी म्हणायची, ‘बसतंय एखादं.’ आज सांगते आहे, कारण आता तुम्ही भाव वाढवू शकत नाही.

जनावरं तयार झाली तेव्हा मी तुमच्या कारखान्यात येऊन बघून गेले होते. भिंतीला लागून उभी होती, नक्षी माझ्याकडं. आयाळीचा केस न् केस उचललेला, वाघाच्या मानेवर सुरकुत्या, म्हशीच्या गळ्यात कवड्यांची माळ. मला पसंत पडली. पुढं तुम्ही हेच माझ्यावर उलटवलंत, ‘तूच बघून पसंत केलीस न्हवं?’ जनावराचं तोंड कुठल्या बाजूला आहे हे बघणं सुताराचं काम. गिऱ्हाईक नक्षी बघतं.

बोरगावच्या जत्रेत पहिल्यांदा पाळणा उभा केला. जनावरं दांड्यांना लावून झाली आणि मी लांब जाऊन बघितलं. माझ्याकडं सगळी सपाट पाठ. रंधा मारलेली, एका रंगात रंगवलेली, शाळेच्या बाकासारखी गुळगुळीत. सगळी नक्षी आत, मधल्या खांबाकडं. मला वाटलं माझ्या माणसांनी उलटी बसवली. त्यांतला एक म्हणाला, ‘आक्का, तोंड फिरवून लावू काय?’ मग त्यांच्याच लक्षात आलं, की तसं केलं तर घोडे मागं मागं पळतील.

तुम्हाला बोलावून घेतलं. तुम्ही एसटीनं आलात, आधी भजी खाल्लीत, मग हात पुसत पाळण्यासमोर उभे राहिलात.

‘झ्याक दिसतंय.’

‘काय झ्याक? नक्षी कुठं हाय?’

‘आत हाय.’

‘ती बाहेर पायजे होती.’

‘तू उजवं म्हणालीस. जनावराचं उजवं अंग कोरलंया. आणि उजव्या फेऱ्यात उजवं अंग कुणाकडं असतंय? देवाकडं. देवाकडचं अंग नटवायचं न्हाय तर काय चिरमुरेवाल्याकडचं नटवायचं? कन्नडात इचार जा. तिथंबी बल म्हंजे उजवं, आणि देवाला बल घालायचं म्हंजे प्रदक्षिणाच.’

‘आप्पा, मधी देव न्हाय. मधी डिझेलचं इंजिन हाय.’

भोवतीची माणसं हसली. तुम्ही इंजिनाकडं बघितलंत आणि म्हणालात, ‘त्येच्यावरच चालतंय न्हवं समदं?’ लोक आणखी हसले, आणि या वेळी तुमच्या बाजूनं.

मी आजही विचारते आहे, हे तुम्हाला आधी सुचलं होतं की नंतर? तुमच्या हातून चूक झाली आणि तिच्यावर तुम्ही देवाचं नाव टाकलंत, असं माझं म्हणणं. तसं असेल तर तुम्ही भित्रे. आधीच ठरवून केलंत असं तुमचं म्हणणं. तसं असेल तर तुम्ही लबाड. दोन्हीतलं एक कबूल करा म्हणून मी प्रत्येक वर्षी तुमच्या मागं लागले.

इंजिनाचा पट्टा तिढा देऊन टाकला की पाळणा उलटा फिरतो. जनावरांची तोंडं फिरवून तेही करून बघितलं. देवळाच्या पायरीवर बसलेल्या एका म्हातारीनं ओरडून सांगितलं, ‘अगं, उलटं फिरतंय ते. देवीच्या दारात उलटी प्रदक्षिणा?’ पुढच्या फेरीला पाळणा रिकामा. आयांनी पोरं खेचून खाली घेतली. मी पट्टा आणि जनावरांची तोंडं परत होती तशी केली. मग बोर्ड रंगवणारा एक गाठला आणि सपाट अंगांवर ठिपके, कमळं, वेलबुट्टी काढून घेतली. ती बघून तुम्ही काय म्हणालात? ‘घोड्याला देवी आल्यात का गं? कडुनिंबाचा पाला बांध.’ तुमच्या चुकीवर मी पांघरूण घालत होते आणि तुम्ही त्या पांघरुणाला हसत होता.

हंगामाआधी तुम्ही दुरुस्तीला निपाणीला यायचा. माझ्या शेडमध्ये ताडपत्र्या काढून एकेका जनावराच्या पायाला हात लावून बघायचा, कुठं खाच सैल झाली आहे, कुठं पाचर ठोकायची आहे. मी चहा आणायची आणि भांडण सुरू करायची. एकदा तर मी म्हणाले होते, की नुसतं ‘चुकलं’ म्हणा, विषय संपला. तुम्ही पटाशी खाली ठेवलीत. ‘आक्का, तुझं तोंड चालतंय तसा पाळणा चालला असता तर डिझेल लागलं नसतं.’ आणि परत ठोकायला लागलात.

या सगळ्यात एक गोष्ट मी तुम्हाला बोलले नव्हते. पाळणा सुरू असताना मी मधे बसते. इंजिनापाशी. नोकराच्या हाती इंजिन दिलं की तो डिझेल विकतो, म्हणून मधली जागा मी कुणाला दिली नाही. माझ्या डोक्यावर खांबाला दिवे. ते जनावरांच्या उजव्या अंगावर पडतात. बाहेर उभ्या असलेल्या सगळ्या जत्रेला ठिपके आणि कमळं, आणि माझ्यासमोरून वर्षानुवर्षं तुमची नक्षी. वाघाच्या हनुवटीखाली तुम्ही एक व्रण कोरला आहे, जुना, भरून आलेला. घोड्यांच्या पाठीवरच्या झुलीला शहापुरी लुगड्याचा काठ आहे, आणि प्रत्येक घोड्याचा काठ वेगळा. म्हशीच्या माळेतली एकही कवडी दुसरीसारखी नाही. हे सगळं कुणासाठी? जे गिऱ्हाइकाला दिसणार नाही, ते काम गिऱ्हाइकाच्या जिवावर करून घ्यायचं, याला मी उधळपट्टी म्हणते. आणि ते बघत बसायची सक्ती माझ्यावर. मला तर एवढं बघायला लागलं, की आता देवळातला घोडा बघितला तरी त्याची आयाळ मला कापूस चिकटवल्यासारखी वाटते. तुम्ही माझी नजर बिघडवून ठेवलीत.

शेवटचं तुम्हाला भेटायला आले तेव्हा तुम्ही खाटेवर होता. आवाज खाली गेला होता, हट्ट होता तिथंच होता. मी म्हणाले, ‘आप्पा, आता तरी म्हणा.’

तुम्ही मान माझ्याकडं वळवलीत. मला वाटलं, आता म्हणतील. मी पुढं वाकले.

‘मधी अजून तूच बसतीस न्हवं?’

‘मग कोण बसणार?’

‘मग झालं,’ असं म्हणून तुम्ही भिंतीकडं कूस वळवलीत. याला काय उत्तर म्हणायचं? मी रागानं उठून आले. संत्री तुमच्या सुनेच्या हातात दिली आणि चहाही घेतला नाही.

दिवसकार्याच्या दुसऱ्या दिवशी एक माणूस माझ्या शेडवर आला. जुन्या वाड्यांची दारं, खांब, देव्हारे गोळा करून गोव्याच्या हॉटेलांना विकतो. तुमच्या मांडवात त्यानं जनावरांची गोष्ट ऐकली होती. ताडपत्री काढल्यावर त्याचा चेहरा मी नीट बघून घेतला. घासाघीस करणाऱ्यानं समोरच्या मालाकडं असं बघायचं नसतं. त्यानं सांगितलेली रक्कम मी हसण्यावारी नेली, त्यानं वाढवली, मी परत हसले, त्यानं परत वाढवली. आप्पा, सौदा झाल्यातच जमा होता. त्यात दोन नवे फायबरचे पाळणे आले असते. आणि तुमची नक्षी हॉटेलच्या भिंतीवर, जगासमोर. तुमच्या चुकीचं सोनं झालं असतं, तेही माझ्या हातून.

मग तो म्हशीच्या डाव्या अंगाला आला. हात फिरवला, दोन बोटांनी दाबून बघितलं.

‘ही बाजू अर्धवट आहे. कारागिरानं काम टाळलंय. पण आम्हाला भिंतीलाच लावायचीत. इथून उभी कापून टाकू, मागचं वायाच जाणार.’

आणि त्यानं खिशातून खडू काढून म्हशीच्या पाठीवरून, शिंगांच्या मधून शेपटीपर्यंत सरळ रेघ मारली.

ती दोन बोटं मी ओळखली. निपाणीच्या कारखान्यात लहानपणी रोज बघितली होती.

‘अर्धवट न्हाय ते,’ मी म्हणाले. ‘ते लोकांकडचं अंग हाय. लोकांकडचं असंच असतंय.’

‘म्हणजे?’

‘म्हंजे तुमी गाडी सुरू करा.’

तो थांबला, हसला, रक्कम आणखी वाढवली. मग मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो गेल्यावर ओल्या फडक्यानं रेघ पुसली. खडूबरोबर थोडा काळा रंगही निघाला.

तुमच्यासाठी केलं असा समज करून घेऊ नका. माझ्या मालाची छाट मी काढेन. रोज काढेन, चारचौघांत काढेन, तुमच्या फ्लेक्सखाली उभी राहून काढेन. तो कोण? आणि वाघाचा व्रण कुठल्यातरी हॉटेलात, बिअर पिणाऱ्यांच्या डोक्यावर? एवढी वर्षं मी इंजिनाचा धूर खात जे बघितलं ते त्यांनी गार हवेत फुकट बघायचं?

फुकट मी कुणाला काही देत नाही. म्हणून या हंगामात मी इंजिनाभोवती जाळी बसवली, मधे दोन बाकं टाकली आणि पाटी लावली, की मधे बसून बघायचं तिकीट वेगळं. माझी माणसं हसली. पाळण्यात न बसता पाळण्याच्या पोटात बसायला कोण पैसे देणार? पहिले दोन दिवस कुणी आलं नाही. मग गुडघे धरलेली एक म्हातारी नातवाबरोबर आली. नातू म्हशीवर बसला. तिला घोड्यावर चढवत नव्हतं, म्हणून ती मधे माझ्याशेजारी येऊन बसली. फेरी सुरू झाली. आधी ती नातवाला शोधत होती. मग नातू समोरून गेला तरी तिची नजर त्याच्यावर नव्हती. फेरी संपली, ती उठली नाही. दुसऱ्या फेरीचं तिकीट काढलं. मी सवलत दिली नाही.

‘हे कुणी केलंय गं बाई?’

‘शहापूरचे एक सुतार होते. चुकून झालंय त्यांच्या हातनं.’

‘चुकून?’

‘व्हय. चुकून.’

तिनं परत एकदा फिरणाऱ्या जनावरांकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिला ते पटलेलं नव्हतं.

आता मधे बसायला माणसं येतात. विचारतात, आणि मी प्रत्येकाला हेच सांगते, आप्पा. चुकून झालं. सांगून झालं की मी थोडी थांबते. तुमची बाजू मांडायला आता तिथं कुणी नाही.